गाव ते मंत्रालय: मधला दुवा कसा घडला, कसा सैल झाला

सरपंचाला विधान परिषदेच्या निवडणुकीत मत नसतं, हे गावातल्याही पुष्कळांना माहीत नाही. परिषदेच्या 78 पैकी 22 जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. पण मतदार असतात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समितीचे सभापती. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्यही मत देतो. आपल्याकडे गावाची बाजू वर जाते ती जिल्हा परिषदेमार्फत, आणि ही चौकट राज्य स्थापन झालं त्याच सुमारास घडली.

ग्रामीण कारभार कसा असावा हे सुचवायला केंद्रानं नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीनं 1957 मध्ये तालुक्याच्या पातळीवरच्या पंचायत समितीवर भर दिला होता. महाराष्ट्रानं वेगळी वाट धरली. तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या समितीनं जिल्ह्यालाच बळ द्यायचं ठरवलं. 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, पशुसंवर्धन त्यांच्याकडे आलं. जिल्हाधिकाऱ्यांना बाहेर ठेवलं, आमदार-खासदारांनाही. सत्तेत असलेल्यांनी आपणहून असा हात आखडता घ्यावा, हे मला आजही मोठं वाटतं.

फळ दिसलंच. बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. सांगली जिल्हा परिषदेत घडलेले आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री झाले आणि 2000 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. हागणदारी, गटारं, पाणी हे विषय राज्याच्या धोरणात मानानं बसले, कारण ते जवळून पाहिलेला माणूस खात्यावर होता.

पण दोर आवळणंही लवकरच सुरू झालं होतं. सत्तरच्या दशकात जिल्हा नियोजन व विकास मंडळं आली आणि जिल्ह्याच्या पैशाची वाटणी मंत्र्याच्या अध्यक्षतेखाली होऊ लागली. स्थानिक संस्थांना घटनेत स्थान देणाऱ्या, 1993 मध्ये लागू झालेल्या 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्त्यांनंतर, 1998 च्या कायद्यानं जिल्हा नियोजन समिती झाली. तिचे बहुसंख्य सदस्य स्थानिक संस्थांतून निवडलेले. अध्यक्ष मात्र पालकमंत्रीच.

2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. कारभार प्रशासकांकडे गेला. नियोजन समितीत गावाकडून निवडून आलेलं कुणी उरलं नाही आणि मतदारच नसल्यानं विधान परिषदेतल्या स्थानिक संस्थांच्या अनेक जागाही रिकाम्या राहिल्या.