दम धरून खोल बुडी, धोका असतो वर येताना

उन्हाळा आला की खानापूर-निपाणीकडच्या विहिरींवर पोरांची पैज लागतेच, तळातला दगड कोण काढून आणतो. बुडी मारायच्या आधी पोरं पायरीवर बसून भराभर श्वास ओढतात, दम जास्त टिकतो म्हणून. मला ते बघवत नाही. कारण पाण्यात जीव कासावीस होतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही की, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून, आणि भराभर श्वास घेऊन नेमका तोच बाहेर जातो, ऑक्सिजन काय फारसा वाढत नाही. मग कासावीस व्हायच्या आधीच शुद्ध जाते, पाण्याखालीच.

समुद्रात हवेची टाकी न घेता एका दमात खोल जाणारे फ्रीडायव्हर याच्याशीच झुंजत असतात. दर 10 मीटरला पाण्यावरच्या हवेचा असतो तेवढा दाब आणखी वाढतो, त्यामुळे छातीतली 6 लिटर हवा 10 मीटरवर 3 लिटर आणि 30 मीटरवर दीडच लिटर उरते. पूर्वी डॉक्टर लोकांना वाटायचं, आणखी खाली गेलं की छाती चेपणारच. पण 1968 मध्ये अमेरिकन नेव्हीचा रॉबर्ट क्रॉफ्ट 73 मीटर जाऊन धडधाकट वर आला. हातापायातलं रक्त छातीत सरकतं आणि आकसलेल्या फुप्फुसांची जागा भरून काढतं, शरीराची ही सोय खरंच थक्क करणारी आहे. तोंडाला गार पाणी लागलं की हृदयाचे ठोकेही मंदावतात, प्लीहा (पोटात डावीकडं असते ती पाणथरी) आकसून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. इंडोनेशियातले बजाऊ लोक पिढ्यानपिढ्या बुड्या मारून मासे धरतात, त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी लोकांपेक्षा साधारण 50 टक्के मोठी असते असं 2018 मध्ये दिसून आलं.

खरी गोची वर येताना. समजा 30 मीटरवर फुप्फुसात 6 टक्केच ऑक्सिजन उरलाय, तिथं दाब चौपट, त्यामुळे शरीराला तो 24 टक्क्यांसारखा लागू पडतो, माणूस एकदम ठीक असतो. तोच वर आला की दाब जातो आणि 6 म्हणजे 6च, वाटेत खर्च झाला तो वेगळा. शेवटच्या 10 मीटरमध्ये दाब एकदम निम्मा होतो, म्हणून बरेचजण तिथंच किंवा डोकं पाण्याबाहेर काढल्यावर बेशुद्ध पडतात.

त्यामुळं मुरलेला फ्रीडायव्हरसुद्धा एकटा उतरत नाही, जोडीदार खाली जाऊन त्याला गाठतो, सोबत वर येतो, आणि वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट त्याच्या तोंडाकडं बघत थांबतो. आपल्या विहिरीवर एवढं तरी करा रे, एकजण बुडी मारेल तेव्हा चांगलं पोहणारा दुसरा पाण्यात त्याच्यावर नजर ठेवून असू दे, आणि ते भराभर श्वास ओढणं आजपासून बंद.