दिवंगत धर्मगुरूंचे स्मरण : मृत्यूच्या तारखेपासून जीवनकथेपर्यंत

दोन नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईच्या गावागावांत त्याची तयारी आधीपासून चाललेली असते. कबरी धुतल्या जातात, गवत काढले जाते, क्रुसाला रंगाचा हात दिला जातो. त्या दिवशी कबरस्थानात फुले आणि मेणबत्त्या घेऊन माणसे आपापल्या कबरीपाशी थांबतात आणि फादर तीर्थ शिंपडत, प्रार्थना म्हणत रांगेतून फिरतात. बापाच्या कबरीशी मुलगा असतो, आजीच्या कबरीशी नातवंडे असतात. त्याच आवारात धर्मगुरूंच्याही कबरी असतात. त्यांना ना मुलगा, ना नातू. भाचे-पुतणे असले तरी दोन पिढ्यांनंतर तेही पांगतात.

मग त्यांची आठवण कोणी ठेवायची? हा प्रश्न चर्चपुढे फार जुन्या काळापासून आहे. दिवंगत धर्मगुरूंसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना, म्हणजेच ख्रिस्तयाग), पुण्यतिथ्यांच्या याद्या, स्मरणलेख हे जे सगळे आज आपण पाहतो, ते याच प्रश्नाला वेळोवेळी दिलेले उत्तर आहे.

सुरुवात तारखेपासून झाली. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन छळाच्या काळात लपून राहात होते. तिथून त्यांनी आपल्या धर्मगुरूंना आणि डीकनांना (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरच्या सेवकांना) लिहिलेली पत्रे टिकून आहेत. तुरुंगात मरण पावणाऱ्या ख्रिस्ती बंधूंचे मृत्युदिन नोंदवून ठेवा, म्हणजे त्या दिवशी त्यांच्या नावे ख्रिस्तयाग करता येईल, असे ते एका पत्रात बजावतात. स्वतः सिप्रियन यांचा २५८ मध्ये शिरच्छेद झाला. पुढे रोममध्ये ३५४ सालच्या एका सचित्र पंचांगात दोन याद्या सापडतात, एक हुतात्म्यांची आणि दुसरी रोमच्या बिशपांची. बिशपांच्या यादीत जेमतेम डझनभर नावे आहेत. प्रत्येकापुढे दफनाची तारीख आणि कोणत्या कबरस्थानात पुरले ते लिहिले आहे. बस्स, एवढेच. माणूस कसा होता, त्याने काय केले, याचा चकार शब्द नाही. पण ती यादी सालवार लावलेली नाही. वर्षाचा जो दिवस आधी येतो, ते नाव आधी. म्हणजे ती इतिहासासाठी केलेलीच नव्हती, आज कोणासाठी प्रार्थना करायची हे कळावे म्हणून केली होती. पुण्यतिथीची कल्पना मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ती यादी त्याच जातीची आहे.

मिस्सेत नावे वाचण्याची पद्धतही तेवढीच जुनी. दोन पानांच्या, मिटता येणाऱ्या पाटीवर जिवंतांची आणि मृतांची नावे लिहीत आणि ख्रिस्तयागात ती मोठ्याने वाचून दाखवत. पाटीवरून बिशपाचे नाव खोडणे म्हणजे त्याला चर्चच्या सहवासातून काढून टाकणे, इतके त्या वाचनाला वजन होते.

मध्ययुगात मठांनी ही व्यवस्था पक्की केली. ७६२ च्या सुमारास फ्रँकांच्या राज्यात आतिन्यी येथे जमलेल्या बिशपांनी आणि मठाधिपतींनी एक करार केला. आपल्यातला जो आधी जाईल त्याच्यासाठी उरलेल्यांनी ठरलेल्या संख्येने मिस्सा आणि स्तोत्रे म्हणायची. ज्यांना वारस नाहीत त्यांनी एकमेकांचे वारस व्हायचे, असा त्याचा अर्थ होतो. आजही धर्मप्रांतात किंवा संघात एखादे फादर वारले की त्यांचे सहकारी त्यांच्यासाठी मिस्सा करतात. त्या रिवाजाचे मूळ अशा करारांत आहे.

मृत्यूची बातमी पोचवायची कशी, हाही प्रश्नच होता. त्यावर निघालेला तोडगा मला फार हलवून जातो. मठात कोणी थोर व्यक्ती वारली की चर्मपत्राची गुंडाळी घेऊन एक निरोप्या निघे. तो एका मठातून दुसऱ्या मठात जाई. प्रत्येक ठिकाणी तिथले लोक गुंडाळीवर चार ओळी लिहीत. आम्हाला बातमी पोचली, आम्ही तुमच्या माणसासाठी प्रार्थना करतो, आता तुम्ही आमच्या या या मृतांसाठी करा. आणि खाली आपल्या मृतांची नावे. जागा संपली की नवा तुकडा शिवायचा. फ्रान्समधल्या साव्हिन्यी मठाचे संस्थापक व्हिताल ११२२ मध्ये वारले. त्यांच्यासाठी फिरवलेली गुंडाळी आजही जपलेली आहे आणि ती नऊ मीटरपेक्षा लांब आहे. वेगवेगळ्या हातांची अक्षरे, कुठे सुबक, कुठे घाईची. एका मृत माणसाच्या निमित्ताने शेकडो मृतांची नावे एकमेकांच्या हवाली झाली.

दोन नोव्हेंबर ही तारीखही मठातूनच आली. फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे मठाधिपती ओदिलो यांनी अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर आपल्या मठांमध्ये सर्व मृतांसाठी हा दिवस ठरवला. पुढे तो साऱ्या पश्चिमी चर्चमध्ये पसरला. क्लुनीत आणखी एक प्रथा होती. संन्यासी वारला की त्याच्या वाट्याचे अन्न त्याच्या नावाने गरिबाला द्यायचे, आणि पुढे दरवर्षी पुण्यतिथीलाही. शतकभरात मृतांची यादी एवढी वाढली की मठाच्या कोठारावर ताण येऊ लागला. बाराव्या शतकात मठाधिपती पीटर यांना रोज पन्नास मृतांच्या नावेच अन्नदान करायचे, अशी मर्यादा घालावी लागली. आठवण ठेवणे म्हणजे कोणाचे तरी पोट भरणे, हा त्यातला भाग मला मोलाचा वाटतो.

याच सुमारास, ११३९ मध्ये, रोममध्ये भरलेल्या चर्चच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूचे लग्न अवैध ठरवले. लॅटिन, म्हणजे पश्चिमी, चर्चमध्ये धर्मगुरूला कायदेशीर संतती असण्याचा प्रश्नच मग उरला नाही. त्याचे स्मरण ही पूर्णपणे समाजाची जबाबदारी झाली.

१६१४ च्या रोमन विधिग्रंथाने दोन गोष्टी ठरवून दिल्या. प्रत्येक चर्चने मृतांची नोंदवही ठेवायची. तिच्यात नाव, वय, दिवस, शेवटचे संस्कार मिळाले का आणि कुठे पुरले, एवढे लिहायचे. दुसरी गोष्ट अंत्यविधीतली. सामान्य भाविकाची शवपेटी वेदीकडे पाय करून ठेवायची आणि धर्मगुरूची वेदीकडे डोके करून. जन्मभर तो वेदीपाशी ज्या बाजूला उभा राहून लोकांना आशीर्वाद देत होता, त्याच बाजूने त्याचे तोंड शेवटच्या मिस्सेतही लोकांकडे असते. अंगावर मिस्सेची वस्त्रे असतात. १९१७ च्या चर्च-कायद्यात तर शक्य तिथे धर्मगुरूंच्या कबरी वेगळ्या आणि अधिक मानाच्या जागी असाव्यात असे कलमच होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी दोन नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करायची मुभा सगळीकडे दिली. मेलेल्यांची संख्या त्या वर्षी एवढी होती.

आता आपल्याकडे येऊ. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेले येशूसंघाचे (जेसुइट) मिशनरी फ्रान्सिस झेवियर यांनी एका पत्रात लिहिले आहे की युरोपातल्या सोबत्यांच्या पत्रांतून त्यांनी त्यांच्या सह्या कापून घेतल्या आणि त्या ते जवळ बाळगतात. तीन डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले. सात महिन्यांनी, जून १५५३ मध्ये, संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला रोमहून त्यांना परत या असे पत्र लिहीत होते. बातमी पोचलीच नव्हती. एवढ्या अंतरांमुळेच येशूसंघात पत्रांना इतके महत्त्व आले. दरवर्षी प्रत्येक प्रांतातून रोमला अहवाल जाई आणि त्यात त्या वर्षी वारलेल्यांची थोडक्यात हकिगत असे. तारखेपलीकडे जाऊन माणसाचे काम सांगायची सवय अशा कागदांतून वाढली.

त्याच पिढीमागून आलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोचले आणि चाळीस वर्षांनी, १६१९ मध्ये, तिथेच वारले. इंग्लंडात जन्मलेल्या या माणसाने मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापले गेले. त्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही मराठी वाङ्मयाच्या कुठल्याही इतिहासात त्यांचे नाव असते, कारण लोकांनी हाताने नकला करून ग्रंथ जगवला.

लिहिले गेले तर काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण संत जोसेफ वाझ. गोव्यात बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ मध्ये श्रीलंकेत शिरले. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. कँडीच्या राजाने हेर समजून त्यांना कैदेत टाकले. पुढे देवीच्या साथीत त्यांनी रोग्यांची सेवा केली आणि १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीत वारले. त्यांची कबर आज सापडत नाही. पण गोव्यातल्या त्यांच्याच ओरेटरीतले (धर्मगुरूंच्या संघातले) सेबास्तियांव द रेगो यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि ते १७४५ मध्ये लिस्बनला छापले गेले. कबर हरवली तरी चरित्र राहिले. १९९५ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले गेले आणि २०१५ मध्ये संत. तीनशे वर्षे ही आठवण तग धरून राहिली, त्यात त्या चरित्राचा वाटा फार मोठा आहे.

याच्या उलट वसईचे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर युरोपीय मिशनरी गेले आणि इथल्या ख्रिस्ती वस्त्यांचा सांभाळ गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी केला. पैसा नाही, वरून फारसा आधार नाही, तरी बाप्तिस्मे झाले, लग्ने लागली, माणसे विधिपूर्वक पुरली गेली. आज वसईत जो कॅथलिक समाज उभा आहे, तो त्यांच्यामुळे टिकला. त्यांच्यातली किती नावे आपल्याला येतात? त्यांचा द रेगो कोणी झाला नाही. हे मला सलते आणि ते सलायलाच हवे.

नाव उरते पण माणूस विसरला जातो, असेही होते. मुंबई-पुण्यात, वाशीला फादर आग्नेल यांच्या नावाच्या शाळा-कॉलेजांतून हजारो मुले शिकली. गोव्यात हणजुण्याला १८६९ मध्ये जन्मलेले आग्नेल डिसोझा हे तिथल्याच पिलार संघाचे धर्मगुरू. गावोगाव जाऊन प्रवचने करायची आणि रायतूरच्या सेमिनरीत भावी धर्मगुरूंना आध्यात्मिक मार्गदर्शन करायचे, हे त्यांचे आयुष्य. शाळा त्यांनी काढल्या नव्हत्या. २० नोव्हेंबर १९२७ रोजी ते वारले, १९३९ मध्ये त्यांचे अवशेष पिलारला नेले गेले आणि १९८६ मध्ये चर्चने त्यांना पूज्य ही, धन्यवादिताच्या आधीची, पदवी दिली. लोक त्यांच्या कबरीवर जात राहिले, म्हणून पुढच्या गोष्टी घडल्या.

आपल्या डोळ्यांदेखत गेलेल्यांचे काय? नगर जिल्ह्यात १९४८ पासून काम केलेले स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर सप्टेंबर २०२१ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी आपल्या मायदेशी वारले. दुष्काळी गावांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे, चराईबंदी गावानेच पाळायची, श्रमदान केल्याशिवाय पैसा नाही, ही पाणलोटाची शिस्त त्यांनी रुजवली. त्यांची कबर इथे नाही. इथे आहेत ते समतल चर आणि पाणी धरणाऱ्या विहिरी. त्याच वर्षी पाच जुलैला फादर स्टॅन स्वामी मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलात न्यायालयीन कोठडीत असताना वारले. कोरोनाच्या त्या दिवसांत मोजक्या माणसांत त्यांचे दहन झाले. त्यांच्या अस्थी झारखंडला, ज्या आदिवासींमध्ये ते राहिले त्यांच्याकडे, नेल्या गेल्या. आणि २५ जुलै २०२४ ला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. सुवार्ता मासिकाचे संपादक, हरित वसईच्या लढ्यातले नेते, उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांच्याविषयी मराठी वृत्तपत्रांनी भरभरून लिहिले, कारण ते लेखक होते आणि वाचकांचे होते.

बाकीच्यांचे तसे होत नाही. एखादे फादर वारले की सूचनापत्रात जन्म, गुरुदीक्षा, नेमणुकांची चर्चे आणि साले येतात. ३५४ च्या यादीहून ते पुष्कळ बरे. पण पतपेढी कोणाच्या आग्रहाने सुरू झाली, दारूड्या नवऱ्याच्या घरी रात्री कोण जाऊन बसत असे, कोणत्या मुलीची फी कोणी भरली, हे त्यात नसते. ते चर्चच्या साक्रिस्तानला (वेदीची आणि पूजासाहित्याची देखभाल करणाऱ्याला), स्वयंपाकघरातल्या बाईंना, जुन्या मास्तरांना ठाऊक असते. ही माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एक पत्र लिहून सगळ्या धर्मप्रांतांना सांगितले की २०२५ पासून दरवर्षी ९ नोव्हेंबरला आपापल्या भूमीतल्या संतांचे, धन्यवादितांचे आणि पूज्यांचे स्मरण करा. वसई धर्मप्रांताची स्थापना १९९८ ची, म्हणजे तो तसा तरुणच. तो दिवस इथे कसा पाळायचा याला अजून ठरीव साचा नाही. एखाद्या चर्चने त्या दिवशी आपल्या सगळ्या दिवंगत फादरांची नावे वाचावीत आणि ज्यांना त्यांच्याविषयी सांगता येते त्यांना बोलते करून ते लिहून घ्यावे. त्यासाठी एक वही, एखादा मोबाईलवरचा रेकॉर्डर आणि दोन-तीन उत्साही मुले पुरेत.