सुपरहिरोंचा सातबारा

मार्व्हलच्या चाहत्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. आयर्न मॅनचे तीन सिनेमे झाले, थॉरचे चार झाले, मग हल्कनंच काय घोडं मारलंय? २००८ नंतर त्याचा स्वतंत्र सिनेमा का नाही? आणि स्पायडरमॅन कधी अ‍ॅव्हेंजर्समध्ये दिसतो, कधी गायब होतो, हा काय प्रकार आहे? उत्तर कथेत शोधून सापडत नाही. ते करारांच्या कागदांत आहे. मार्व्हल स्टुडिओजचा इतिहास म्हणजे बराचसा कोणता हिरो कोणाच्या नावावर चढला आणि कसा परत मिळाला याचाच हिशेब.

कॉमिक्सचं घराणं जुनं आहे. मार्टिन गुडमन यांनी १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये टाइमली कॉमिक्स सुरू केलं. हीच पुढची मार्व्हल. १९४१ मध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी तिथेच कॅप्टन अमेरिका जन्माला घातला. पुढे १९६१ ते १९६३ या तीन वर्षांत स्टॅन ली, कर्बी, स्टीव्ह डिटको या मंडळींनी फँटॅस्टिक फोर, स्पायडरमॅन, हल्क, थॉर, आयर्न मॅन, एक्स-मेन अशी रांगच लावली. आज जगभर विकला जाणारा बहुतेक माल या तीन वर्षांतला आहे.

पडद्यावर मात्र मार्व्हलचं नशीब खुललं नाही. १९८५ मध्ये कॅनन फिल्म्सनं स्पायडरमॅनचे हक्क अवघ्या सव्वादोन लाख डॉलरला घेतले. कॅनन बुडाली, हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेले आणि पुढची कित्येक वर्षं कोर्टकज्ज्यात अडकले. फँटॅस्टिक फोरची गोष्ट तर आणखी मजेशीर. जर्मन निर्माते बर्न्ड आयशिंगर यांच्याकडे तिचे हक्क होते आणि १९९२ सरता सरता चित्रीकरण सुरू केलं नाही तर ते हातचे जाणार होते. मग त्यांनी स्वस्तात सिनेमे काढण्यात हातखंडा असलेल्या रॉजर कॉर्मन यांना गाठलं आणि सुमारे दहा लाख डॉलरमध्ये आख्खा सिनेमा काढून घेतला. कलाकार मनापासून राबले, गावोगाव प्रसिद्धी करत फिरले. सिनेमा थिएटरात कधी लागलाच नाही. हक्क मात्र टिकले. शेत पडीक दिसू नये म्हणून चार तास नांगर फिरवावा, तसला कारभार.

१९८९ मध्ये रॉन पेरेलमन या वित्तवाल्यानं मार्व्हल ८ कोटी २५ लाख डॉलरला विकत घेतली. तो काळ कॉमिक्सच्या सट्ट्याचा होता. जुने अंक लिलावात मोठ्या किमतीला जाताना पाहून लोक नवे अंक न वाचता प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवू लागले. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी आला. त्यातली चार शेजारी शेजारी ठेवली की एक मोठं चित्र तयार होई. साहजिकच एकेका गिऱ्हाइकानं सगळे घेतले. सुमारे ८० लाख प्रती दुकानांत गेल्या. पण ज्या वस्तूच्या ८० लाख प्रती आहेत ती दुर्मीळ कशी होणार, हे लोकांच्या उशिरा ध्यानात आलं. फुगा फुटला. पेरेलमननं मधल्या काळात कर्ज काढून खेळाडूंच्या फोटोंची, जमवायची कार्डं छापणाऱ्या कंपन्या घेतल्या होत्या. १९९४ मध्ये बेसबॉलपटूंनी संप केला आणि तो धंदाही बसला. १९९३ मध्ये पस्तीस डॉलरच्या वर असलेला मार्व्हलचा शेअर १९९६ मध्ये अडीच डॉलरच्याही खाली आला. त्याच वर्षी २७ डिसेंबरला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

या पडझडीत ज्यांनी डाव साधला ते खेळणीवाले होते. टॉय बिझ या कंपनीचे आयझॅक पर्लमटर आणि त्यांचे भागीदार, खेळण्यांचे डिझायनर अवी अराद, यांनी १९९३ मध्येच मार्व्हलशी एक भन्नाट करार करून ठेवला होता. कंपनीतला मोठा हिस्सा मार्व्हलला द्यायचा आणि बदल्यात मार्व्हलच्या पात्रांची खेळणी रॉयल्टी न देता कायमची विकायची. मार्व्हल दुसऱ्या कोणाच्या हाती गेली असती तर हा करार धोक्यात आला असता. म्हणून ते दिवाळखोरीच्या लढाईत उतरले. समोर पेरेलमन आणि कार्ल आयकान असे दोन अब्जाधीश होते. बँकांपुढे अराद यांचा मुद्दा एकच होता: एकट्या स्पायडरमॅनची किंमत अब्ज डॉलर आहे, तुम्ही सगळा कारखाना कवडीमोलानं का देताय? १९९८ मध्ये टॉय बिझनं मार्व्हल जिंकली.

‘मार्व्हल स्टुडिओज’ हे नाव १९९६ पासून होतं, पण त्याला स्टुडिओ म्हणणं म्हणजे जरा उदारपणाच. पटकथा लिहून घ्यायची, दिग्दर्शक आणि नट जुळवायचे आणि तयार पॅकेज मोठ्या स्टुडिओच्या पदरात टाकायचं, एवढंच काम. पैसे त्यांचे, त्यामुळे मलईही त्यांची. एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर फॉक्सकडे, हल्क युनिव्हर्सलकडे, ब्लेड न्यू लाइनकडे. १९९८ मध्ये पैशाची एवढी चणचण होती, की उरलेली जवळपास सगळी पात्रं अडीच कोटी डॉलरला घ्या, असा प्रस्ताव मार्व्हलनं सोनीपुढे ठेवल्याचं सांगतात. सोनीला फक्त स्पायडरमॅन हवा होता. तो त्यांनी सुमारे एक कोटीत घेतला आणि बाकीच्यांना कोण विचारतो म्हणून सोडून दिलं. हॉलिवूडमधला हा सगळ्यात महागात पडलेला नकार असावा. २००२ चा ‘स्पायडर-मॅन’ जगभरात ८२ कोटी डॉलर कमावून गेला. दोन वर्षांनी दुसरा भागही तसाच चालला. या दोन सिनेमांतून मार्व्हलच्या पदरात पडले ते जेमतेम सहा कोटी.

इथं डेव्हिड मेझेल येतात. हॉलिवूडच्या एजन्सीत मुरलेला, हार्वर्डचा एमबीए असलेला हा माणूस पर्लमटर यांना भेटला आणि म्हणाला, सिनेमे आपणच काढू. पर्लमटर हे खर्चाच्या बाबतीत कमालीचे हात आखडून वागणारे. त्यांना पटण्यासाठी योजनेत मार्व्हलचा स्वतःचा पैसा जवळजवळ नकोच होता. २००५ मध्ये मेरिल लिंच या गुंतवणूक बँकेनं ५२ कोटी ५० लाख डॉलरची पतसोय दिली. तारण काय ठेवलं? दहा मालमत्तांचे चित्रपट हक्क. कॅप्टन अमेरिका, अ‍ॅव्हेंजर्स, निक फ्युरी, ब्लॅक पँथर, अँट-मॅन, क्लोक अँड डॅगर, डॉक्टर स्ट्रेंज, हॉकआय, पॉवर पॅक आणि शांग-ची. सिनेमे पडले असते तर हे सगळे कर्जदात्यांच्या सातबाऱ्यावर चढले असते. त्या काळी यादी वाचून अनेकांना हसू आलं. अँट-मॅनवर कर्ज कोण देतं?

गंमत म्हणजे ज्याच्या जिवावर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला, तो आयर्न मॅन या यादीत नव्हताच. तो तेव्हा न्यू लाइनकडे होता, मुदत संपल्यावर त्याच वर्षी परत आला. पुढे हल्कही परतला, पण अर्धाच. सिनेमा मार्व्हलनं काढावा, वितरण युनिव्हर्सलचं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. दुसऱ्याच्या सिनेमात पाहुणा म्हणून हल्क कितीही वेळा येऊ शकतो, त्याच्या नावावरचा सिनेमा आला की वाटेकरी आला.

पहिला सिनेमा आयर्न मॅनचाच का, याचं कारणही खेळण्यांच्या दुकानातलं. मुलांपुढे वेगवेगळी पात्रं ठेवून विचारलं, कोणाशी खेळायला आवडेल? आयर्न मॅननं बाजी मारली. तेव्हा स्टुडिओचं कार्यालय बेव्हर्ली हिल्समध्ये मर्सिडीजच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर होतं. अराद २००६ मध्ये बाहेर पडले आणि सूत्रं केव्हिन फायगी या तिशीतल्या निर्मात्याकडे आली. ‘एक्स-मेन’च्या निर्मातीचा सहायक म्हणून सुरुवात केलेला हा माणूस कॉमिक्समधले बारकावे सोडायला तयार नसे. दिग्दर्शक जॉन फॅव्हरो यांना मुख्य भूमिकेत रॉबर्ट डाउनी ज्युनिअरच हवे होते. व्यसन आणि तुरुंगवास यांमुळे बदनाम झालेला नट घ्यायला मार्व्हल बिचकत होती, स्क्रीन टेस्टनं तो अडसर दूर झाला. खलनायक झालेले जेफ ब्रिजेस यांनी नंतर सांगितलं, की पूर्ण पटकथा अशी नव्हतीच. सेटवर बसून, नटांनीच प्रसंग घडवत त्यांनी दिवस काढले. २ मे २००८ ला सिनेमा लागला आणि ५८ कोटी डॉलर जमवून गेला. श्रेयनामावली संपल्यावर सॅम्युअल जॅक्सन निक फ्युरी म्हणून अंधारातून पुढे येतात, तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा आधीच्या खास खेळांतून मुद्दाम वगळला होता. त्या तुकड्यामुळेच पुढे थिएटरमधले प्रेक्षक दिवे लागले तरी खुर्चीला चिकटून बसू लागले. जॅक्सन यांची निवडही आयती होती. २००२ च्या एका कॉमिक मालिकेत चित्रकारानं फ्युरीला त्यांचाच चेहरा दिला होता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट २००९ ला डिस्नेनं ४ अब्ज डॉलरला मार्व्हल घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा किंमत जास्त झाली असं म्हणणारे होते. २०१२ च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’नं दीड अब्ज कमावल्यावर ते गप्प झाले. २०१५ मध्ये फायगींनी पर्लमटर यांच्या हाताखालून सुटका करून घेतली. ते थेट डिस्नेच्या स्टुडिओप्रमुखांना उत्तरदायी झाले. २०१८ चा ‘ब्लॅक पँथर’ आणि २०१९ चा ‘कॅप्टन मार्व्हल’ त्यानंतरचे. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’नं २०१९ मध्ये जवळपास २८० कोटी डॉलरचा गल्ला केला.

मग ओटीटीची भूक भागवायची म्हणून माल वाढवला. २०२१ या एका वर्षात चार सिनेमे आणि पाच मालिका. माझ्या मते इथं खेळ बिघडला. पूर्वी आधीचं पाहिलेलं असलं तर मजा वाढायची, आता आधीचं पाहिलं नाही तर काही कळेना. २०२३ चा ‘द मार्व्हल्स’ वीस कोटी डॉलरच्या आसपास थांबला. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी जाहीरपणे संख्या कमी करण्याची भाषा केली आणि २०२४ मध्ये एकच सिनेमा आला.

फॉक्स २०१९ मध्ये डिस्नेनं गिळल्यावर एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर माहेरी आले. फँटॅस्टिक फोरचा मार्व्हलनं स्वतः काढलेला पहिला सिनेमा जुलै २०२५ मध्ये लागला. स्पायडरमॅन मात्र अजून सोनीचाच. २०१५ मध्ये करार झाला आणि २०१६ पासून तो मार्व्हलच्या सिनेमांत उसना येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पैशांवरून बोलणी फिसकटली, चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं आणि महिनाभरात तडजोड झाली: डिस्नेनं खर्चाचा चौथा हिस्सा उचलायचा आणि नफ्याचा चौथा हिस्सा घ्यायचा. अ‍ॅनिमेशनमध्ये तर सोनीचं स्वतंत्र दुकान आहे. २००४ च्या भारतीय कॉमिकमधला मुंबईकर स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर २०२३ मध्ये पडद्यावर आला तो सोनीच्याच सिनेमातून. भारतात तो सिनेमा दहा भाषांत लागला आणि त्यांत मराठीही होती.