संगीत व्यवस्थापक आणि स्वतंत्र लेबल

गायक-वादकांना कामे मिळवून देणे, करार ठरवणे, पैसे वसूल करणे आणि त्यांचा हिशेब ठेवणे हे संगीत व्यवस्थापकाचे, म्हणजे मॅनेजरचे काम. पदरचा पैसा घालून ध्वनिमुद्रण करून ते बाजारात आणते ती संस्था म्हणजे लेबल. मोठ्या कंपन्यांची मालकी किंवा त्यांचे वितरण यांच्याशी तिचा संबंध नसेल तर ते स्वतंत्र लेबल. ही दोन्ही कामे एकाच माणसाने करण्याची वाट ब्रिटनमध्ये १९७० नंतर रुळली. लंडनच्या कंपन्या दारात उभे करत नाहीत, तर तबकडी आपणच काढू, हे बँडच्या वतीने ठरवणारा बहुधा मॅनेजरच असे.

अडचण अशी, की मॅनेजर कलावंताच्या बाजूने बोलणी करतो आणि लेबलमालक समोर बसून. दोन्ही खुर्च्यांत एकच माणूस बसला की कलावंतासाठी घासाघीस करायला कोणी उरत नाही. या व्यवसायातले बरेच तंटे इथूनच उगवतात.

मराठी वाचकाला हे नाते तमाशाच्या फडातून ओळखीचे आहे. नारायणगावच्या राहुट्यांत यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. सुपारी घेतो फडमालक, कलावंतांना हंगामाआधी उचल देतो तोही फडमालक, आणि हंगामभर ती फेडून घेतो तोही तोच. लेबलचा अ‍ॅडव्हान्स आणि त्याची वसुली याच जातीची. फरक इतकाच, की फडावरची उचल कलावंताच्या हातात पडते, तर लेबलची उचल पुष्कळदा स्टुडिओच्या बिलातच संपते.

गॉर्डन मिल्स आणि एक निकाल

टॉम जोन्स आणि एंगेलबर्ट हम्परडिंक या गायकांचा मॅनेजर गॉर्डन मिल्स मद्रासमध्ये जन्मला आणि वेल्समध्ये वाढला. हम्परडिंकचा जन्मही मद्रासचाच. मिल्सने एमएएम नावाचे लेबल उभे केले आणि गिल्बर्ट ओ'सलिव्हन हा आयरिश गायक त्यावर आणला. १९७२मध्ये त्याचे 'अलोन अगेन (नॅचरली)' अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. व्यवस्थापन, ध्वनिमुद्रण आणि गाण्यांचे प्रकाशन हे तिन्ही करार मिल्सच्याच वर्तुळातल्या कंपन्यांशी झाले होते आणि सही करताना गायकाला स्वतंत्र वकिलाचा सल्ला मिळाला नव्हता.

प्रकरण कोर्टात गेले. त्या गाण्यांवर एकूण सुमारे १ कोटी ४५ लाख पौंड जमा झाले होते आणि गायकाच्या हाती जेमतेम ५ लाख पडले होते. १९८२मध्ये निकाल ओ'सलिव्हनच्या बाजूने लागला. मॅनेजरवरच्या विश्वासाचा अवाजवी प्रभाव या करारांमागे होता, असे ठरले आणि मास्टर (मूळ ध्वनिमुद्रणे) व गाण्यांचे हक्क त्याला परत देण्याचा आदेश झाला. अपिलात करार रद्दच राहिले, मात्र मिल्सने खरोखर मेहनत केली होती, म्हणून त्याच्या बाजूला वाजवी मोबदला ठेवू दिला गेला. आज व्यवस्थापन करारात 'कलावंताने स्वतःच्या वकिलाचा सल्ला घेतला आहे' असे कलम असते ते अशाच निकालांमुळे. नुसते कलम पुरत नाही. वकील खरोखर वेगळा हवा, आणि त्याच्या फीची पावती फाइलला जोडलेली असलेली बरी.

५०० पौंडांची तबकडी

मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडचा मॅनेजर रिचर्ड बून याने न्यू हॉर्मोन्स हे लेबल चालवले. त्याची पहिली तबकडी 'स्पायरल स्क्रॅच'. मित्र आणि घरची मंडळी यांच्याकडून ५०० पौंड उसने घेतले. २८ डिसेंबर १९७६ रोजी मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत चार गाणी मुद्रित झाली. निर्माता होता मार्टिन हॅनेट, त्याने नाव लावले मार्टिन झीरो. वेष्टणावरचा फोटो बूनने स्वतः पोलरॉइड कॅमेऱ्याने काढला, पिकॅडिली भागातल्या एका पुतळ्याच्या पायथ्याशी. कोणते गाणे कितव्या टेकचे आणि त्यावर नंतर काय चढवले, हेही वेष्टणावर छापले होते. वाचणाऱ्याला त्यातून कळायचे ते एवढेच, की यात जादू काही नाही, हे कोणालाही जमेल. पहिल्या १००० प्रती संपल्या आणि पुढे आकडा १६,०००वर गेला. १९७७च्या ऑगस्टमध्ये बँडने युनायटेड आर्टिस्ट्स या मोठ्या कंपनीशी करार केला, तेव्हा बून मॅनेजर म्हणून बँडबरोबरच राहिला. या व्यवसायातला इतका स्वच्छ व्यवहार क्वचितच सापडतो.

त्या काळात खर्च उघड करण्याची पद्धतच पडली. स्क्रिटी पोलिटी या बँडने १९७८च्या पहिल्या सिंगलच्या (अल्बमऐवजी एखाद्या गाण्यासाठी काढलेल्या तबकडीच्या) वेष्टणावर बिलेच छापली: १४ तासांच्या मुद्रणाचे ९८ पौंड, लॅकर कापण्याचे ४० पौंड.

लॅकर म्हणजे लेप दिलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती. मास्टर टेप वाजवत तिच्यावर चर कोरतात. तिच्यावर चांदीचा थर आणि मग निकेल चढवून सोलले की उलटा साचा मिळतो, त्याला 'फादर' म्हणतात. फादरवरून 'मदर' आणि मदरवरून दाबयंत्रात बसणारे ठसे. एका ठशातून साधारण हजारभर चांगल्या प्रती निघतात. पैसे वाचवायला काही जण मदर न करता फादरच ठसा म्हणून वापरतात. मग रेकॉर्ड चालली आणि दुसऱ्या खेपेची वेळ आली की लॅकर पुन्हा कापावे लागते, म्हणजे वाचवलेल्या पैशांहून जास्त खर्च.

सात इंची तबकडीची एक बाजू मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने चार मिनिटांपर्यंत दमदार वाजते. त्याहून लांब गाणे बसवायचे तर चर जवळ आणावे लागतात आणि आवाज पडतो. खालचे सूर डाव्या-उजव्या बाजूंना फाकवले तर सुई उडते, म्हणून बेस मध्यभागी ठेवतात. 'स', 'श' फार धारदार असतील तर ते आतल्या चरांत चरचरतात. चाचणी प्रती आल्या की मालकाने त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोन वेगवेगळ्या प्लेयरवर ऐकाव्यात. ही अर्ध्या तासाची मेहनत टाळल्यामुळे हजार प्रती रद्दीत जाऊ शकतात.

लहान लेबल बुडते ते बहुधा गाणे आपटल्यामुळे नव्हे, चालल्यामुळे. कारखान्याला पैसे आधी किंवा ३० दिवसांत द्यायचे असतात. वितरक देतो ६० ते ९० दिवसांनी, तेही न खपलेल्या प्रती परत येतील या भीतीने काही रक्कम अडवून. हजार प्रती हातोहात खपल्या, दुकानांनी दहा हजार मागितल्या, तर त्या दहा हजारांचे पैसे पहिल्या हजाराची वसुली यायच्या आत भरावे लागतात. त्यावर वितरकच कोसळला तर गुदामातला माल आणि येणे दोन्ही अडकतात. १९९१मध्ये रफ ट्रेड या कंपनीची वितरण शाखा कोसळली तेव्हा अनेक ब्रिटिश लेबलांवर हीच वेळ आली. एकाच वितरकाकडे सगळी येणी साचू न देणे, हा मालकाच्या हातातला एवढाच उपाय.

हिशेब

मॅनेजरचे कमिशन कलावंताच्या उत्पन्नाच्या १५ ते २० टक्के असते. स्टुडिओ, व्हिडिओ आणि दौऱ्याचा खर्च म्हणून आलेल्या पैशांवर कमिशन घ्यायचे नसते, ते करारात स्पष्ट लिहावे. करार संपल्यावर जुन्या कामाचे कमिशन उतरत जाते, उदाहरणार्थ पहिली काही वर्षे निम्मे, मग त्याच्या निम्मे, मग बंद. हे कलम नसेल तर जुना मॅनेजर आणि नवा मॅनेजर दोघेही एकाच पैशावर हात ठेवतात आणि भरडला जातो कलावंत.

लेबलचे करार मुख्यतः दोन प्रकारचे. समजा चार जणांच्या बँडचा एक अल्बम आहे. मुद्रण २ लाख, व्हिडिओ दीड लाख, प्रसिद्धी ५० हजार, असा ४ लाख रुपये खर्च झाला आणि ६ लाख आले. नफा निम्मा-निम्मा वाटायचा असेल तर खर्च वजा जाता उरलेल्या २ लाखांतले १ लाख बँडचे. रॉयल्टीचा करार २० टक्क्यांचा आणि मुद्रणखर्च बँडच्या वाट्यातून वसूल करायचा असेल, तर बँडच्या नावे जमा होतात १ लाख २० हजार, आणि वसुली आहे २ लाखांची. म्हणजे लेबलला २ लाख सुटले आणि बँड अजून ८० हजारांनी देणेकरी. आकडे तेच, उत्पन्न तेच. तरुण बँडला ही आकडेमोड सही करण्याआधी कागदावर मांडून दाखवलीच पाहिजे.

आता लेबलमालक हाच मॅनेजर असेल तर निम्म्या-निम्म्याच्या करारातही त्याला १ लाख नफा आणि बँडच्या १ लाखावर २० टक्के कमिशन मिळते, एकूण १ लाख २० हजार. बँडला उरतात ८० हजार, माणशी २० हजार. म्हणून चांगल्या प्रथेप्रमाणे असा माणूस स्वतःच्या लेबलवरच्या विक्रीचे कमिशन सोडतो आणि ते फक्त कार्यक्रम व बाहेरच्या कामांवर घेतो. दोन वेगळी बँक खाती, दोन वेगळी खतावणी, आणि दर सहा महिन्यांनी बँडच्या हातात हिशेबाचा कागद, यात तडजोड नको.

रॉब ग्रेटन आणि फॅक्टरी

मँचेस्टरचा डीजे रॉब ग्रेटन (१९५३–१९९९) १९७८मध्ये जॉय डिव्हिजन या बँडचा मॅनेजर झाला. लंडनच्या कंपन्यांच्या मागे न लागता टोनी विल्सन आणि अ‍ॅलन इरॅस्मस यांच्या फॅक्टरी या लेबलबरोबर, गावातच राहून काम करायचे त्याने ठरवले आणि पुढे तो स्वतः फॅक्टरीत भागीदार झाला. पहिल्या अल्बमच्या १०,००० प्रती १९७९मध्ये काढल्या. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा, आणि मालकी सारी संगीतकारांची, असा फॅक्टरीचा ठराव होता. नेहमीचा करार नव्हताच.

जॉय डिव्हिजनचाच पुढे न्यू ऑर्डर झाला. १९८३चे 'ब्लू मंडे' साडेसात मिनिटांचे, म्हणून बारा इंची तबकडीवर निघाले. फ्लॉपी डिस्कसारख्या वेष्टणाला भोके पाडायचा खर्च इतका होता, की प्रत्येक प्रतीमागे तोटा होतो असे विल्सन सांगत असे. गाणे मात्र ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेले बारा इंची सिंगल ठरले. त्याआधी, मे १९८२मध्ये, फॅक्टरी आणि न्यू ऑर्डर यांनी मिळून मँचेस्टरमध्ये हासिएंडा हा क्लब उघडला होता. बँडचा पैसा त्यात वर्षानुवर्षे जिरत राहिला. मॅनेजर, लेबलचा भागीदार आणि क्लबचा भागीदार एकच असल्यावर 'बस, आता यात पैसा घालू नका' हे बँडला सांगणार कोण? ग्रेटनची निष्ठा वादातीत होती. चूक माणसाची नव्हती, रचनेची होती.

१९९२मध्ये फॅक्टरी अडचणीत आली आणि लंडन रेकॉर्ड्स ती विकत घ्यायला पुढे आली. कागदपत्रे तपासताना लक्षात आले, की न्यू ऑर्डरची जुनी ध्वनिमुद्रणे फॅक्टरीच्या मालकीची नाहीतच. मग कंपनी घेण्यात अर्थ राहिला नाही. लंडनने बँडशी थेट करार केला आणि नोव्हेंबरमध्ये फॅक्टरी बंद पडली. लेबलला बुडवणाऱ्या त्याच ठरावाने बँड तारला. ग्रेटनने पुढे स्वतःचे रॉब्ज रेकॉर्ड्स चालवले. त्यावर निघालेले सब सब या बँडचे सिंगल १९९३मध्ये ब्रिटिश यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच मंडळींचा नंतर डव्ह्ज झाला.

इतरांच्या वाटा थोड्या वेगळ्या गेल्या. स्टिफ रेकॉर्ड्स १९७६मध्ये ४०० पौंडांच्या उसनवारीवर उभे राहिले. दुसऱ्याच वर्षी संस्थापकांपैकी जेक रिव्हिएरा एल्व्हिस कॉस्टेलो आणि निक लोव यांना घेऊन बाहेर पडला, कारण कलावंत त्याच्या व्यवस्थापनाखाली होते. क्रिएशन या लेबलच्या अ‍ॅलन मॅगीने जीझस अँड मेरी चेन या बँडचे पहिले सिंगल स्वतः काढले, मग बँड मोठ्या कंपनीशी जोडून दिला आणि मॅनेजर म्हणून राहिला. १९८६मध्ये बँडने त्याला काढले. कमिशनवर लेबल उभे करणाऱ्याचा पाया असा एका रात्रीत सरकू शकतो.

भारतातील कायदा आणि कामाची पद्धत

मुंबईत रॅपर डिव्हाइनने २०१९मध्ये गल्ली गँग हे लेबल काढले. आता तबकडी नसली तरी कागद तेवढेच लागतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा आहे आणि तो मूळात निर्मात्याचा, म्हणजे मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा. पैसा कोणाचा आणि पुढाकार कोणाचा हे लिहून ठेवले नाही तर मॅनेजरही 'निर्माता मीच' म्हणू शकतो. हक्काचे हस्तांतर लेखीच हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा लेबलला देऊन टाकता येत नाही. तसे कलम करारात असले तरी ते चालत नाही.

मुद्रणाच्या दिवशीच, सगळे स्टुडिओत असताना, कोणाचे शब्द, कोणाची चाल, कोणाला किती टक्के हे एका कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. गाणे गाजल्यावर ही सही कोणी करत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षरांचा आयएसआरसी हा ओळखक्रमांक लागतो: देशाची २ अक्षरे, नोंदणीदाराची ३, वर्षाचे २ आकडे आणि अनुक्रमाचे ५. डिजिटल वितरकाकडे फाइल प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी द्यावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे किमान ७ दिवस आधी पोचलेले असावे लागते. मराठी कलावंतांच्या बाबतीत घोळ होतो तो रोमन स्पेलिंगचा: एकाच नावाची तीन स्पेलिंगे झाली की तीन पाने तयार होतात आणि श्रोते वाटले जातात. म्हणून पहिल्याच गाण्याला एक स्पेलिंग ठरवून ते करारातही तसेच लिहावे. वितरक बदलताना जुना आयएसआरसी तोच ठेवावा आणि नव्या वितरकाकडची प्रत दिसू लागल्यावरच जुनी काढायला सांगावी. उलटे केले तर तोवरच्या ऐकण्याचा आकडा शून्यावर येऊ शकतो.