ई-सायकल म्हणजे हौशी खेळणं?

"ई-सायकल म्हणजे हौशी लोकांचं खेळणं, त्यावर अनुदान कशाला?" हा समज जुना आहे, आणि चुकीचा.

साधा हिशेब बघा. 500 वॉट-तासांची बॅटरी म्हणजे अर्धा युनिट वीज. पायडल मारत त्यात साधारण 40-50 किलोमीटर होतात. तेवढ्याच विजेत इलेक्ट्रिक कार जेमतेम 3 किलोमीटर जाते, कारण ती दीड टनाचं धूड सोबत ओढते. (आत बहुतेकदा एकटाच माणूस!) युरोपीय नियमांनुसार ताशी 25 किलोमीटरला सायकलची विजेची मोटर मदत थांबवते, पण कोंडीत कार तरी कुठे पळते?

अडतं ते एकरकमी किमतीपाशी. म्हणूनच अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने 2022 मध्ये ई-सायकल खरेदीवर सवलत आणताना कमी उत्पन्नवाल्यांना जास्त रक्कम दिली. चार माणसं आणि सामान असेल, तर मात्र कारच बरी.