उत्तर आलं नाही, म्हणजे नेमकं काय झालं?

एकाच कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम कोसळला की बहुधा सगळाच कोसळतो आणि ते लगेच कळतं. तेच काम नेटवर्कने जोडलेल्या अनेक सर्व्हरवर वाटून दिलं (याला डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम म्हणतात), की काही भाग बंद पडतो, बाकीचे चालू राहतात आणि नक्की कोण बंद आहे हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

समजा, ऑर्डर घेणाऱ्या सर्व्हिसने पेमेंट सर्व्हिसला रक्कम वजा करण्याची रिक्वेस्ट पाठवली. पाच सेकंद झाले, उत्तर नाही, टाइमआउट. रिक्वेस्ट वाटेतच हरवली असेल, पलीकडचा सर्व्हर कामाच्या मध्येच बंद पडला असेल किंवा रक्कम वजा होऊन फक्त उत्तर हरवलं असेल. पाठवणाऱ्याला हे तिन्ही प्रकार अगदी सारखेच दिसतात. पुन्हा पाठवावं तर पैसे दोनदा कापले जाण्याची भीती, न पाठवावं तर ऑर्डर लटकलेली. माझ्या मते डिस्ट्रिब्युटेड सिस्टिममधला सगळ्यात मूलभूत पेच हाच आहे.

त्यातून सुटण्याची युक्ती सुंदर आहे. प्रत्येक व्यवहाराला पाठवणाराच एक वेगळा क्रमांक देतो आणि पुन्हा पाठवतानाही तोच वापरतो. पेमेंट सर्व्हिस रक्कम वजा करणं आणि क्रमांक नोंदवणं ही दोन्ही कामं डेटाबेसच्या एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये करते, म्हणजे दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. ती वेगवेगळी केली आणि नेमका मधल्या क्षणी सर्व्हर बंद पडला, तर पहिलाच घोळ परत उभा राहतो. ओळखीचा क्रमांक पुन्हा आला, तर काहीही न करता जुनंच उत्तर परत जातं. या गुणाला आयडेम्पोटन्सी म्हणतात. एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरच्या संवादाच्या, नियमांत पुट आणि डिलीट या प्रकारच्या रिक्वेस्टकडून तो अपेक्षित असतो; पोस्टकडून मात्र नाही, म्हणून तिथे असा क्रमांक लागतो.

पुन्हा पाठवण्यालाही शिस्त हवी. आधीच दमलेल्या सर्व्हरवर हजारो क्लायंट (रिक्वेस्ट पाठवणारे) एकदम तुटून पडले, तर तो सावरतच नाही. म्हणून दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करतात आणि सगळे एकाच क्षणी परत येऊ नयेत म्हणून त्यात थोडी यादृच्छिक (प्रत्येकाची वेगळी, कशीही) भर घालतात.

एवढी काळजी का, हे साध्या हिशोबाने कळतं. एकेक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असेल आणि एका कामाला अशा ३० सर्व्हिस लागत असतील, तर बिघाड परस्परांपासून स्वतंत्र धरूनही ते काम जेमतेम ९७ टक्के वेळ होऊ शकतं. म्हणजे वर्षात दहाहून अधिक दिवस बंद.

म्हणून डेटाच्या अनेक प्रती ठेवतात. पण मग त्या प्रतींचं एकमत व्हायला हवं. मेसेज पोचायला किती वेळ लागेल याला मर्यादा नसेल आणि एक जरी सर्व्हर बंद पडू शकत असेल, तर यादृच्छिकतेचा आधार न घेणारी कोणतीही पद्धत दर वेळी एकमताची हमी देऊ शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं. पॅक्सॉस आणि राफ्ट हे अल्गोरिदम त्यावर बहुमताचा मार्ग काढतात. पाच प्रतींपैकी दोन बंद पडल्या तरी काम चालतं. नेटवर्क तुटून तीन एकीकडे आणि दोन दुसरीकडे पडल्या, तर दोनांचा गट एकही नवी नोंद पक्की करत नाही. तिथल्या ग्राहकाला थांबावं लागतं, आणि पैशांच्या बाबतीत मला तरी चुकीच्या शिलकेपेक्षा हे थांबणं परवडतं.