देवमासा ओळखावा त्याच्या श्वासावरून

बडोद्याच्या कमाटीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सुमारे २२ मीटर लांबीचा सांगाडा आहे. १९४४ साली हा देवमासा महीच्या मुखाशी वाहून आला होता. दांडिया बाजारातल्या मराठी घरांतील कित्येक मुलांनी आजोबांचे बोट धरून तो सांगाडा पाहिलेला आहे, आणि बहुतेकांची नजर त्याच्या प्रचंड जबड्यावरच खिळते. पुढच्या खेपेस मात्र कवटीच्या माथ्याकडे अवश्य पाहावे. आपल्या नाकपुड्या चेहऱ्याच्या टोकाशी असतात. देवमाशाच्या मात्र उत्क्रांतीच्या ओघात मागे सरकत थेट डोक्यावर आल्या आहेत. समुद्रावर देवमासा पाहायला निघालेल्या माणसाने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी गोष्ट हीच आहे, कारण प्रत्यक्षात आपल्याला दिसतो तो बहुधा देवमासा नव्हे, त्याचा श्वास.

देवमासा हा मासा नाही. तो सस्तन प्राणी आहे, त्याला फुप्फुसे आहेत आणि हवेसाठी त्याला वर यावेच लागते. चित्रांत त्याच्या डोक्यावर पाण्याचे कारंजे काढलेले असते, परंतु तो प्रामुख्याने उच्छ्वास असतो: दाबाखाली वेगाने बाहेर पडणारी उबदार, दमट हवा, तिच्यातील बाष्पाचे थेंब आणि नाकपुड्यांवर साचलेले थोडे पाणी. आपण स्वस्थ बसलेलो असताना एका श्वासात फुप्फुसांतील हवेचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा बदलतो, तर देवमासा ८० टक्क्यांहून अधिक हवा एका दमात बदलून टाकतो. शिवाय त्याच्या स्नायूंत मायोग्लोबिन या प्रथिनाच्या रूपाने प्राणवायूचा मोठा साठा असतो, म्हणूनच एवढ्या थोडक्या श्वासांवर तो दीर्घकाळ खाली राहू शकतो.

या फवाऱ्याच्या आकारावरून जाणकार जात ओळखतात. निळ्या देवमाशाचा फवारा उंच, सरळ खांबासारखा असतो आणि तो ९ मीटरपर्यंत जाऊ शकतो. कुबड्या देवमाशाचा बुटका आणि झुडपासारखा पसरट असतो. दात असलेल्या स्पर्म व्हेलची एकच नाकपुडी डोक्याच्या पुढच्या टोकाशी डावीकडे असल्यामुळे तिचा फवारा पुढे व डावीकडे तिरका उडतो. सकाळचे तिरपे ऊन आणि शांत पाणी असेल, तर हा फरक दूरवरूनही कळतो.

सील मात्र आपल्या किनाऱ्यावर दिसायचे नाहीत. पिलांना जन्म देण्यासाठी सीलला जमीन किंवा बर्फ लागतो आणि त्यांच्या बहुतेक जाती थंड, माशांनी समृद्ध अशा पाण्यात राहतात. श्वासाच्या बाबतीतही त्यांची रीत निराळी आहे: खरे सील (ज्यांना बाहेर दिसणारे कान नसतात असा गट) बुडी मारण्यापूर्वी फुप्फुसांतील हवा बरीचशी सोडून देतात आणि रक्त व स्नायूंतील साठ्यावर विसंबतात.

बडोद्याला सर्वांत जवळचा समुद्र खंबातच्या आखाताचा. परंतु तेथे भरती-ओहोटीतील फरक १० मीटरच्याही पुढे जातो आणि पाणी सतत गाळाने गढूळ असते, त्यामुळे निरीक्षणासाठी कच्छचे आखात अधिक सोयीचे. तेथील उथळ पाण्यात कुबड्या डॉल्फिन राहतात. होडीचे इंजिन बंद करून थांबले, तर पाठ दिसण्याआधी पुष्कळदा ‘फुस्स’ असा छोटा, कोरडा आवाज कानावर येतो. वळून पाहावे तो आधी चोच, मग डोके, मग पाठीवरचा लांबट उंचवटा आणि त्यावरचा लहान पर क्रमाने वर येऊन नाहीसे होतात. किनाऱ्यालगत राहणाऱ्या या प्राण्यांना जाळ्यांचा आणि बंदरांच्या वर्दळीचा मोठा धोका आहे.

अरबी समुद्रातील कुबड्या देवमाशांची कहाणी मला सर्वांत मोलाची वाटते. जगातील त्यांचे इतर भाऊबंद विणीसाठी उष्ण पाण्यात आणि खाण्यासाठी ध्रुवाकडे जातात. हे मात्र वर्षभर याच समुद्रात राहतात, आणि जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून वेगळे आहेत. १९६० च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात बेकायदा शिकार करून त्यांपैकी २४२ मारले. आज ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या शंभराहूनही कमी असावी, असा अंदाज आहे. २०१७ च्या अखेरीस तेथे उपग्रह-यंत्र लावलेली लुबान नावाची मादी (अरबीत लुबान म्हणजे ऊद, धूप) अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दक्षिण टोकापर्यंत जाऊन परतली. म्हणजे हे देवमासे आपलेही आहेत.

असा प्राणी दिसलाच, तर होडी त्याच्या वाटेत आडवी घालू नये आणि पाठलाग तर मुळीच करू नये. बाजूला, अंतर राखून, त्याच्या गतीने चालावे. घाबरलेला प्राणी श्वास पुरता न घेताच खाली जातो आणि पिलू सोबत असेल तर आईची दमछाक वाढते. काही श्वासांनंतर कुबड्या देवमासा पाठीची कमान करून शेपूट वर उचलतो, तेव्हा तिची खालची बाजू नीट पाहून घ्यावी किंवा टिपावी: तिच्यावरील काळ्या-पांढऱ्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि संशोधक त्यांवरूनच एकेकाची नोंद ठेवतात. मग शेपूट पाण्यात जाते. तिच्या तडाख्याने खालून वर ढकललेले पाणी पृष्ठभागावर तेलासारखी गुळगुळीत चकती करून पसरते, आणि आजूबाजूच्या लाटा त्या चकतीत शिरेपर्यंत काही क्षण ती तशीच दिसत राहते.